अर्धा तास, पंच्याऐंशीच्या खाली

अभयनं एकच अट घातली होती. कॉम्प्युटर अर्धा तास पूर्ण ताकदीनं पळवायचा आणि त्या अर्ध्या तासात प्रोसेसरचं तापमान पंच्याऐंशीच्या वर जाता कामा नये. नाही गेलं, तर रविवारी अकरा वाजता येऊन तो घेऊन जाणार. अभय लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, आमच्या मागच्या गल्लीत राहतो, बोलायला गोड आणि कामाला चोख. ताई, तुमच्यावर विश्वास आहेच, फक्त आकडा दाखवा, असं तो फोनवर म्हणाला. मला राग यायला हवा होता. पण लोकांची मशिनं तपासताना मीसुद्धा हेच म्हणते.

कॉम्प्युटर माझ्या मुलीचा, उत्कर्षाचा. जोडलेला मी. तपकीर गल्लीत चार खेपा घालून एकेक पार्ट आणला होता आणि गेल्या ऑगस्टमध्ये हॉलच्या फरशीवर पेपर अंथरून बसवला होता. आता एप्रिल. उत्कर्षानं एवढंच सांगितलं की मम्मी, तो विकून टाक, जागा अडवतो. तिनं त्याला हात लावून पाच महिने झाले होते.

मंगळवारी मी चाचणी लावून बघितली. सहाव्या मिनिटाला सत्त्याण्णव. बाराव्या मिनिटाला स्क्रीन काळी. मशीन स्वतःला वाचवायला स्वतःच बंद होतं, तसं झालं.

कारणं माझ्याकडे कमी नव्हती. आमचं घर कर्वेनगरात, चौथ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. एप्रिलमध्ये दुपारी स्लॅबखाली उभं राहिलं की टाळू तापते. दुसरं कारण टेबल. ते वैजनाथ सुतारानं बनवलं, आणि कॉम्प्युटरचा डबा, म्हणजे कॅबिनेट, ठेवायला खाली दार असलेला बंद कप्पा केला. वहिनी, धुळीचा कण आत जाणार नाही, अशी त्यानं गॅरंटी दिली. हवाही जाणार नाही हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नंतर त्यालाच बोलावून दाराला भोकं पाडून घेतली, तर त्यानं पाच पाकळ्यांचं फूल काढून दिलं. भोकं सात, त्यातली दोन देठाची. तिसरं कारण प्रोसेसर. त्याचा स्वभावच तापट, असं इंटरनेटवर चार जणांनी लिहिलं होतं. आपल्याला हवं ते लिहिलेलं असलं की चार जण पुरतात.

मी हे काम कुठे शिकले नाही. आमच्या विहाराच्या वर पत्र्याची अभ्यासिका आहे, तिची किल्ली माझ्याकडे असायची. सकाळी उघडायची, झाडायची, पाण्याचा माठ भरायचा. तिथे कुणीतरी दान दिलेले तीन कॉम्प्युटर कोपऱ्यात बंद पडून होते. मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत सहा महिन्यांत मी त्या तिन्हींचे मिळून दोन चालू केले. तेव्हापासून आसपासची क्लासवाली मंडळी, झेरॉक्सवाले, एक दातांचे डॉक्टर मला बोलावतात. बारावी नापास बाईला मॅडम म्हणतात. त्या मॅडमची मला फार सवय झाली होती, हे इथेच सांगून ठेवते.

नोव्हेंबरमध्ये बाणेरच्या एका स्टुडिओनं नोकरीसाठी उत्कर्षाची परीक्षा घेतली होती. ते लोक न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म बनवतात. अजून वीटही रचलेली नसते आणि आपण मात्र दारातून आत जाऊन खिडकीतून बाहेर बघून येतो. हिला चाळीस सेकंदांची फिल्म करायची होती, जागा तिच्या मनाची. तिनं अभ्यासिका घेतली. पत्रा, लांब टेबल, जाळीतून टेबलावर पडणारं ऊन, माठावरचा पालथा पेला. दहा दिवस खपून तिनं सगळं संगणकात उभं केलं. मग राहिलं रेंडर. म्हणजे फिल्ममधली हजार चित्रं मशिननं एकामागून एक काढत बसायची, आपण नुसतं बघायचं. काम मशिनचं, पण पूर्ण ताकदीचं.

रविवारी रात्री नऊपर्यंत पाठवायचं होतं. तिनं सकाळी सातला लावलं. सहा-साडेसहा तास लागतील असा तिचा हिशोब. आठच्या आत मशीन बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. मग दिवसभर तेच. आम्ही कॅबिनेट कप्प्यातून ओढून काढलं, दार काढलं, समोर टेबलफॅन लावला. संजय, म्हणजे माझे मिस्टर, फ्रीजमधला बर्फाचा ट्रे घेऊन उभे राहिले आणि मी त्यांना हाकलून दिलं. मागचा पंखा उलटा फिरवून बसवला, निदान हवा तरी जास्त आत जाईल म्हणून. मी हुकूम सोडत होते आणि उत्कर्षा ते पाळत होती. रात्री नऊला हजारातली सहाशे दहा चित्रं झाली होती. अर्धवट पाठवणार नाही, म्हणाली, आणि पाठवलं नाही.

स्टुडिओचं दोन ओळींचं उत्तर आलं. काम बघायला आवडलं असतं, पण आमच्याकडे वेळ पाळणं सगळ्यात महत्त्वाचं.

त्या रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी तिला एक वाक्य बोलले होते.

"शनिवारी लावलं असतं तर? तू सगळं शेवटच्या क्षणावर ठेवतेस."

वाक्य घरात राहिलं. आंघोळीला उशीर झाला की संजय म्हणायचे, आमच्याकडे शेवटच्या क्षणाची राणी आहे. हळूहळू ती स्वतःच म्हणायला लागली. जानेवारीत तिनं खराडीला नोकरी धरली, इन्शुरन्सच्या तक्रारींचे फोन घ्यायची. बस नऊला असते, ही सव्वाआठला स्टॉपवर. मोबाईलवर पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं तीन गजर. पूर्वी ही मुलगी ताट समोर आलं तरी चित्र काढत बसायची. आता जेवताना घड्याळाकडे तोंड करून बसते. आम्ही म्हटलं, चला, शिस्त लागली.

तर बुधवारी मी कामाला लागले. पदर खोचून म्हणायची पद्धत आहे, मी गाऊनच्या बाह्या वर सारल्या.

पहिल्या दिवशी कॅबिनेट वैजनाथच्या फुलामागून काढून उघड्यावर, स्टुलावर ठेवलं. चौऱ्याण्णव. दुसऱ्या दिवशी धूळ. जुना मेकअपचा ब्रश आणि सायकलचा पंप, एवढ्यावर माझं काम चालतं. पंख्याच्या पात्यांवर करड्या रंगाची साय धरली होती. आत वायरींचा गुंता होता, तो मी बांधून कडेला सारला, हवेच्या वाटेत काही ठेवलं नाही. मग पंख्यांची दिशा. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी नेहमी उदबत्ती लावते. जाळीसमोर धरली की धूर कुठे ओढला जातो ते कळतं. पुढच्या दोन पंख्यांनी धूर आत घेतला. मागच्यानंही आत घेतला. तो नोव्हेंबरमध्ये मीच घाईत उलटा बसवलेला. तिन्ही बाजूंनी हवा आत ढकलायची आणि बाहेर जायला वाट नाही, असा सगळा कारभार पाच महिने तसाच होता.

मी उदबत्ती घेऊन मशिनभोवती फिरत असताना सासूबाई आतून आल्या. चंद्रभागाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, मूळच्या यवतमाळकडच्या. पुण्यात पन्नास वर्षं काढली, पण बोली बदलली नाही.

"काहून व्हय, मशिनले उदबत्ती ओवाळून राहिली का तू?" त्या म्हणाल्या. "माह्या सासऱ्यानं छप्पन साली देव्हारा नदीत सोडला, अन् तू पंख्याले पुजून राहिली."

मी म्हटलं, आई, पुजत नाही, वारा बघतेय. त्या थोडा वेळ धुराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, वारा पाहाले घरातली उदबत्ती जाळाची काय गरज, गॅलरीत उभी राय.

मागचा पंखा सुलटा केला. आता धूर पुढून आत शिरून मागून सरळ बाहेर पडायला लागला, अगदी शहाण्यासारखा. चाचणी लावली. एक्याण्णव. मशीन बंद मात्र पडलं नाही. पण पंच्याऐंशी अजून लांबच होतं आणि अभय आकड्याशिवाय ऐकणारा नव्हता.

उरली पेस्ट. प्रोसेसर आणि त्याच्यावर बसणारा कूलर, यांच्यामध्ये पेस्टचा पातळ थर असतो, म्हणजे खालची उष्णता वरच्या तांब्यात नीट चढते. ती वाळली असेल, नवी लावू, असं ठरवून शनिवारी दुपारी मी कूलरचे चार स्क्रू काढले. उत्कर्षा कामावर होती. संजय भाजीला मंडईत गेले होते. त्यांना कर्वेनगरातली भाजी पटत नाही. सासूबाई झोपल्या होत्या. कूलर थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे हलवून सोडवला आणि उलटा केला.

पेस्ट वाळली नव्हती. चांगली ओली होती. खालचं तांबं मात्र जरा जास्तच चकाकत होतं. मी नखानं कोपरा उचलला आणि नखाबरोबर एक पारदर्शक पापुद्रा वर आला. तांब्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून कारखान्यातून लावून देतात तो. त्याच्यावर लाल अक्षरांत इंग्रजीत छापलेलं होतं, बसवण्याआधी काढा.

आठ महिने त्या मशिनची सगळी उष्णता एका प्लास्टिकखाली कोंडली होती. छत, टेबल, धूळ, एप्रिल, या सगळ्यांचा वाटा होता, पण उरलेल्यात. मुख्य हे होतं.

मी फरशीवर तशीच बसून राहिले. मला वाटत होतं, नजरेतून सुटलं असेल. घाईत राहतं एखादं. तसं असतं तर मी हात धुऊन उठले असते. पण सुटलं नव्हतं. बसल्या बसल्या मला सगळं आठवत गेलं. ऑगस्टमधली तीच जागा, तोच पेपर. उत्कर्षा समोर मांडी घालून बसलेली, हातात स्क्रूंची वाटी. मी कूलर खोक्यातून काढला, उलटा करून बघितला, आणि तिनं विचारलं, मम्मी, हे प्लास्टिक काढायचं असेल ना? मी कोपरा जरासा सोलला होता. मग अंगठ्यानं दाबून पुन्हा बसवला. म्हटलं, राहू दे, तांबं घासलं जाणार नाही. आणि वर म्हटलं, तुला कळतं का मला?

इंग्रजी वाचता येत नव्हतं असं नाही. पण आमच्या घरात प्लास्टिक काढत नाहीत. टीव्हीचा रिमोट पिशवीत असतो, त्या पिशवीवरून बटणं दाबतात. फ्रीजच्या दारावरचा कागद आपोआप पिवळा पडून गळेपर्यंत राहिला. सासूबाईंच्या खोलीतल्या पंख्याच्या दांड्याला अजून कारखान्याचं वेष्टण आहे, आणि तो पंखा माझ्या लग्नाच्याही आधीचा. नवी वस्तू आमच्याकडे उशिरा यायची, म्हणून ती लवकर जुनी होऊ द्यायची नाही. हे कुणी शिकवत नाही, बोटांनाच येतं. त्या दिवशी मी विचार केलाच नव्हता. बोटांनी केलं आणि तोंडानं त्याला कारण दिलं.

पापुद्रा सोलून मी खिशात ठेवला. तांबं स्पिरिटनं पुसलं, पेस्टचा मुगाएवढा ठिपका दिला, कूलर बसवला, चाचणी लावली. दहाव्या मिनिटाला साठ. अर्ध्या तासाला चौसष्ट. पंखे इतके हळू की सासूबाईंचं घोरणं ऐकू येत होतं. दुसऱ्या कुणाचं मशीन असतं तर मी त्या आकड्याचा फोटो काढून चार जणांना पाठवला असता.

संजय पिशव्या घेऊन आले तेव्हा मी गॅलरीत होते. त्यांना पापुद्रा दाखवला आणि सगळं सांगितलं. ते सरकारी कार्यालयात कारकून आहेत. कागद समोर आला की आधी कुठे सही नाही ते बघतात. तो प्लास्टिकचा तुकडाही त्यांनी तसाच उलटसुलट करून बघितला. म्हणाले, उद्या मशीन जाणार, विषय जाणार. तिला कशाला सांगायचं? आत्ता कुठे तिचं बस्तान बसतंय. सांगून नोव्हेंबर परत येणार आहे का?

मी म्हटलं, तिला वाटतंय ती वेळेत काही करू शकत नाही.

"मग आता काय वाटायला हवंय?" ते म्हणाले. "आपल्या आईनं आपलं वाटोळं केलं असं?"

वाटोळं हा शब्द त्यांनी हळूच ठेवला, भाजी ठेवावी तसा, पण ठेवला. मग पिशव्या उचलून आत गेले. जरा वेळानं आतूनच म्हणाले की राणी वगैरे मीही म्हणत होतो, तेव्हा सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर घेऊ नकोस. त्यांना तसं म्हणावंसं वाटलं हे बरं वाटलं. पण त्यानं हलकं वाटलं नाही. प्लास्टिक त्यांनी ठेवलं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर मलाही सांगायचं नव्हतं. लेक रागावेल ही भीती होतीच, पण तिच्याखाली आणखी एक होती, जरा लाजिरवाणी. या घरात मला एकच गोष्ट इतरांपेक्षा जास्त कळते. उत्कर्षा मैत्रिणींना सांगते, माझी मम्मी मशीन उघडते. ते वाक्य मला हवं होतं. संध्याकाळी ती आली, चपला काढल्या, गजर लावले, मला विचारलं की अभयचं काय झालं. मी म्हटलं, चौसष्टवर आलं. ती म्हणाली, वा, धूळ होती ना? मी म्हटलं, धूळ होती. खोटं नव्हतंच ते. धूळ होतीच.

रविवारी अभय अकराला दहा कमी असताना आला. बरोबर दोरी आणि जुनी चादर, कॅबिनेट गुंडाळून न्यायला. मी पुन्हा चाचणी लावली. तो खुर्चीवर बसून आकड्याकडे बघत होता, उत्कर्षा दाराच्या चौकटीला टेकून चहा पीत होती. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, आकडा चौसष्टच्या पुढे सरकेना. अभय कौतुकानं मान हलवत होता. म्हणाला, ताई, मंगळवारी तुम्ही सत्त्याण्णव म्हणाला होतात. नेमकं काय झालेलं होतं?

मी तोंड उघडायच्या आत उत्कर्षा बोलली. हसून बोलली, हे जास्त वाईट.

"मशिनला काही नव्हतं झालं. माझ्याकडे होतं ना ते. मी सगळं शेवटच्या क्षणापर्यंत ताणते, मग मशिनलाही घाम फुटतो."

अभय हसला. संजय पेपरमागे गेले. मी गाऊनच्या खिशात हात घातला. पापुद्रा कालपासून तिथेच होता, कडा गोळा झालेल्या. मी तो टेबलावर ठेवून बोटानं सपाट केला.

"हे होतं," मी म्हटलं. "कूलरखाली. पहिल्या दिवसापासून. मी ठेवलेलं."

अभयला लगेच कळलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, कारण त्याच्या धंद्यात हा नेहमीचा विनोद असणार, आणि मग आमच्याकडे बघून ते गेलं. उत्कर्षाला जरा वेळ लागला. ती जवळ आली. लाल अक्षरं वाचली. कप टेबलावर ठेवला, आणि आपण तो कशावर ठेवतोय हे तिनं बघितलं नाही, चहा थोडा सांडला.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तू म्हणालीस राहू दे."

"हो. आणि तुला कळतं का मला, असंही म्हणाले होते."

तेही तिला आठवलं होतं, तोंडावर दिसलं. मी माफी मागायला शब्द जुळवत होते, पण जुळलेले सगळे शब्द माझ्याच बाजूचे निघत होते: मला कुठे माहीत होतं, मी काय मुद्दाम केलं. म्हणून मी एवढंच म्हटलं की नोव्हेंबरमध्ये उशीर तू केला नव्हतास, आणि ते वाक्य मी बोलायला नको होतं.

अभयनं दोरी आणि चादर उचलली. सावकाश बघू ताई, मला घाई नाही, असं काहीतरी म्हणून तो गेला. जाताना दार त्यानं इतकं अलगद लावलं की लागलंच नाही. संजयनी उठून लावलं.

मला वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल. तिनं खुर्ची ओढली आणि मशिनसमोर बसली. चाचणी बंद केली. फोल्डर उघडत उघडत नोव्हेंबरपर्यंत गेली. ती फाइल तिनं त्या रविवारनंतर उघडली नव्हती, हे मला तिच्या शोधण्यावरून कळलं. दोनदा चुकीचं फोल्डर उघडलं. अभ्यासिका स्क्रीनवर आली, अर्धवट, रंग न चढलेली. झालेली सहाशे दहा चित्रं तिनं बाजूला काढून ठेवली. पहिल्यापासून लावलं. मग मोबाईल काढून वेळ बघितली आणि टेबलावर पडलेल्या पावतीच्या मागे लिहिली. बारा वाजून तीन मिनिटं.

मी विचारलं, जेवायला वाढू? ती म्हणाली, तुम्ही जेवा.

आम्ही जेवलो. सासूबाईंनी विचारलं की पोरगी कोणावर रुसली. मी म्हटलं, माझ्यावर. त्या म्हणाल्या, मग तूच ताट नेऊन दे. मी नेलं. तिनं ते घेतलं, माझ्याकडे न बघता, आणि भाकरी मोडून खात खात चित्रं बघत राहिली. एक चित्र बावीस-तेवीस सेकंदांत होत होतं. दुपारचे तीन वाजले, बाहेर गच्चीवरचं सिमेंट फुटावं असं ऊन, आणि आकडा सहासष्टच्या पुढे गेला नाही. मी दर अर्ध्या तासानं काही ना काही निमित्त काढून खोलीतून जायचे. सुकलेले कपडे, पाण्याची बाटली, नसलेली पाल. ती बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर बोलले असते, आणि नको ते बोलले असते.

सहाला पाच मिनिटं असताना संजय चहाचं विचारायला गेले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. त्यांनी विचारलं, झालं का गं? ती म्हणाली, शेवटची ऐंशी उरलीत. ते तिथेच थांबले. मीही हात पुसत गेले. आम्ही दोघं तिच्यामागे उभे राहिलो, निकालाच्या बोर्डापुढे उभं राहावं तसे. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी हजारावं चित्र आलं. तिनं पावतीवर दुसरी वेळ लिहिली, खाली रेघ मारून वजाबाकी केली. तोंडी येत असूनही केली, शाळेत करायची तशी, उसने घेऊन.

"सहा तास बावीस मिनिटं," ती म्हणाली. मग वळून, पण मला नाही, बापाला म्हणाली, "बाबा, मी सातला लावलं होतं. माझ्याकडे चौदा तास होते."

संजयनी चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. हो, म्हणाले. चौदा होते. मग ते राणी म्हणायचं बंद करतो असं म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून ते इतकं गबाळं निघालं की उत्कर्षाच्या ओठाची एक कड हलली. तिनं फिल्म लावली. चाळीस सेकंद. पत्र्याचं दार उघडतं, लांब टेबल येतं, जाळीचं ऊन, माठ, माठावरचा पेला. शेवटी कोपऱ्यात एक उघडलेलं कॅबिनेट आणि त्याच्याशेजारी स्क्रूंची वाटी. ती वाटी मी आधी बघितली नव्हती. नोव्हेंबरमध्ये तिथवर चित्रं पोचलीच नव्हती.

मी आत जाऊन पीठ मळायला घेतलं, कारण ते समोर होतं.

सोमवारी तिचा गजर एकदाच वाजला. मी डबा भरत होते. आवरून ती बाहेर आली, पर्स खांद्याला, आणि बस नऊची असताना आठ वाजून वीस मिनिटांनी ती हॉलमध्येच होती. मशिनसमोर जाऊन उभी राहिली.

"अभयला नाही म्हणून सांग," ती म्हणाली. "आणि हे उघड."

मी स्क्रूड्रायव्हर आणला. बाजूचं झाकण काढलं आणि मशीन चालू केलं. तिनं पर्स खाली ठेवली, ओढणी मागे टाकली आणि वाकून आत बघितलं. मोबाईलचा टॉर्च माझ्या हातात दिला. हा पंखा कुठून कुठे, विचारलं. मी सांगितलं. तिनं आपला तळवा जाळीमागे धरून वारा लागतो का ते स्वतः बघितलं. मग दुसरा. मग मागचा. ही वायर कशाची, विचारलं. सांगितली, तर तिनं तिच्यावरून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवत नेलं. पूर्वी मी सांगितलं की ती मान डोलवायची. आता ती माझं ऐकत होती आणि मग तपासत होती, एकेक.

"टॉर्च नीट धर," ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी धरला.